‘निझामाचं विमान’ आणि 1357 चा घोळ

मराठवाड्यातल्या जुन्या घरांत ट्रंकेच्या तळाशी विमानाचा एखादा फोटो निघतो. पाठीमागे उर्दूत किंवा मोडीवळणाच्या मराठीत दोन शब्द असतात आणि घरातलं कुणीतरी सांगतं, ‘हे निझामाचं विमान’. या एका नावाखाली निदान चार वेगळ्या जातींची विमानं दडलेली आहेत. त्यांतली एक कधी या मुलखात आलीच नव्हती, तर दुसरी निझामाच्या विरोधात उडाली होती.

सगळ्यात जुनी म्हणजे देणगीची विमानं. पहिल्या महायुद्धात निझामाने ब्रिटिशांना डीएच 9ए जातीची विमानं भेट दिली. 1918 मध्ये फ्रान्सला गेलेल्या त्या स्क्वाड्रनच्या नावातच ‘हैदराबाद’ होतं आणि विमानांवर देणगीदाराचं नाव रंगवलेलं होतं. त्यांतलं एक, एफ 1010, जर्मनांच्या हाती लागलं, पुढे पोलंडला गेलं आणि आज लंडनच्या संग्रहालयात आहे. दुसऱ्या महायुद्धातही हैदराबादच्या नावाची स्पिटफायर स्क्वाड्रन होती, तिच्या बोधचिन्हावर निझामाचं शिरोभूषण होतं. अशा छापील चित्रांच्या प्रती इकडच्या अल्बमात चिकटलेल्या असतात, त्यामुळे अल्बम औरंगाबादचा असला तरी विमानही तिथलंच असेल असं नाही.

खरी गंमत सालाची आहे. फोटोमागे ‘1357’ लिहिलेलं असतं. ते हिजरी धरलं तर 1938-39 येतं. पण संस्थानच्या कचेऱ्यांत, शाळांत रोजचा व्यवहार फसली, म्हणजे पीक-महसुलाच्या, सालावर चालायचा. हैदराबादचं फसली वर्ष ऑक्टोबरात, आजूर महिन्यापासून सुरू होई. त्या हिशेबाने 1357 फसली म्हणजे ऑक्टोबर 1947 ते 1948 चा सप्टेंबर-ऑक्टोबर. एकाच आकड्यात दहा वर्षांचा फरक पडतो, आणि तीही कोणती दहा वर्षं! 1938 चा फोटो असेल तर तो एखाद्या हौशी क्लबच्या दोनपंखी विमानाचा असायचा. 1948 चा असेल तर त्यात महायुद्धानंतर मोडीत निघालेली लष्करी विमानं, संस्थानी विमानसेवा, शस्त्रांची चोरटी आयात आणि शेवटी लष्करी कारवाई एवढं सगळं येतं.

म्हणून इथे उलट्या बाजूने जावं लागतं. विमानाने साल ठरवायचं, सालाने विमान नव्हे. फोटोत दोन इंजिनांचं, शेपटीकडे बसकं, नाक आभाळाकडे केलेलं धातूचं विमान असेल आणि डाव्या कुशीला मालासाठीचं रुंद दुहेरी दार असेल, तर ती दुसरी जात, डकोटा. या जातीचं मूळ प्रवासी विमान 1935 च्या डिसेंबरात पहिल्यांदा उडालं, पण रुंद दाराचं लष्करी रूप महायुद्धातलं. म्हणजे 1938 बाद, 1357 फसलीच. काही जाणकार अजूनही हिजरी लावतात, कारण बाकीचा मजकूर उर्दूत असतो. लिपीवरून कालगणना ठरवणं म्हणजे टोपीवरून जात ठरवण्यासारखं आहे. महिन्याचं नाव मोहरम, सफर असेल तर हिजरी. आजूर, बहमन, आबान असेल तर फसली. महिना लिहिलेलाच नसेल तर मात्र विमान हाच एक साक्षीदार.

डकोटाचंही नाव सैलच वापरलं गेलं. चाळीस-पन्नासच्या दशकात दोन पंख्यांचं जे उडेल ते डकोटा. तेव्हा भारतात विकर्स व्हायकिंगही होती आणि फोटोखाली तीही डकोटाच होते. व्हायकिंगचं अंग गुबगुबीत. डकोटाच्या पंखाची पुढची कड मागे झुकलेली आणि मागची जवळजवळ सरळ. दार उजवीकडे दिसलं तर आधी निगेटिव्ह उलटी छापली का ते पाहावं. शेरवानीचं बटण कोणत्या बाजूला आहे ते बघितलं की बहुतेक वेळा उलगडा होतो. विमानावर नोंदणीची अक्षरं दिसत असतील तर कामच झालं. ‘व्हीटी’ म्हणजे व्हाइसरॉयचा मुलूख ही कथा लोकप्रिय आहे, पण 1927 च्या वॉशिंग्टनच्या रेडिओ परिषदेत अक्षरांचे गठ्ठे वाटले गेले, त्यात भारताच्या वाट्याला आलेली ही दोन अक्षरं. त्यांच्यापुढे सी आला तर बहुधा 1946 नंतरची नोंदणी. संस्थानी रेल्वे आणि मुंबईतल्या एका विमान कंपनीने 1945 मध्ये काढलेल्या सेवेच्या डकोटा याच काळातल्या; 1953 च्या राष्ट्रीयीकरणात ती सेवा संपली.

तिसरी जात लँकास्ट्रियन. 1948 मध्ये एका ऑस्ट्रेलियन वैमानिकाने कराचीहून बिदर, वरंगळकडे शस्त्रं आणली, ती या चार इंजिनी विमानांतून. लँकास्टर बाँबरचंच हे प्रवासी रूप, मात्र बंदुकांचे बुरूज काढून नाक-शेपूट निमुळती केलेली, शेपटीला दोन उभे पंख. उदगीर, अहमदपूर, निलंगा तेव्हा बिदर जिल्ह्यातच होते, 1956 मध्ये इकडे आले. त्यामुळे जुन्या फोटोखाली ‘जि. बिदर’ असेल तर फोटो कर्नाटकातला समजून बाजूला टाकू नये. ही उड्डाणं रात्रीची होती, तेव्हा लख्ख उन्हातल्या चार इंजिनी विमानाचा फोटो दाखवून कुणी हीच गोष्ट सांगू लागलं तर जरा थांबलेलं बरं.

चौथं म्हणजे कारवाईतलं. फोटोखाली कुणी ‘पोलीस ॲक्शन’ लिहितो, कुणी ‘मुक्तिसंग्राम’. विमान तेच, पण मथळा लिहिणाऱ्याची बाजू कळते. 13 सप्टेंबर 1948 पासून पुण्याहून उडालेली टेम्पेस्ट ही एकाच इंजिनाची, चार पात्यांच्या पंख्याची विमानं. त्या काळात भारतीय वायुदलाच्या विमानांवर पांढऱ्या तबकडीत निळं अशोकचक्र असे. 1950 च्या प्रजासत्ताकदिनापासून केशरी-पांढरी-हिरवी गोल खूण आली. शेपटीजवळचा एचए हा अंकपूर्व संकेत टेम्पेस्टचा, एचएस स्पिटफायरचा, एचजे डकोटाचा. कृष्णधवल फोटोत केशरी आणि हिरवा जवळपास सारखेच करडे दिसतात. म्हणून रंगावर न जाता आरे मोजावेत. मोबाइलवर फोटो रंगवून देणारी ॲप त्या चक्रात लाल रंग भरतात आणि मग ते विमान ब्रिटिश ठरतं. रंगवण्याआधीची प्रत जपलेली नसेल तर पुढे काही करता येत नाही.

आता घोळ वाढतोच आहे. 1993 च्या किल्लारी भूकंपाच्या वेळचं म्हणून हेलिकॉप्टरचे फोटो फिरतात. शेपटी जाळीदार, हाडं उघडी असतील तर चीता, अंग मढवलेलं असेल तर चेतक. 2015 आणि 2019 मध्ये कृत्रिम पावसासाठी छत्रपती संभाजीनगरहून विमानं उडाली, तेही फोटो जुन्या दुष्काळाच्या नावावर खपवले जातात. आणि माळेगावच्या जत्रेत प्लायवूडच्या विमानात बसून काढलेले फोटो? त्यात आजोबांचा चेहरा खरा असतो, विमान रंगाऱ्याचं.

शेवटी वाद एवढाच उरतो की, चुकीचा मथळा खोडावा का. माझं मत, खोडू नये. ‘निझामाचं विमान, 1357’ तसंच ठेवावं आणि खाली पेन्सिलीने लिहावं : डकोटा, रुंद दार, फसली.