तांबेरा दरवर्षी येतो कुठून? करमचंद मेहतांच्या संशोधनाची पार्श्वभूमी

तांबेरा हा बुरशीमुळे होणारा रोग. गव्हावरच्या काळ्या तांबेऱ्याचं कोडं पाश्चात्त्य देशांत बार्बेरीच्या झुडपाने सुटलं होतं: गहू नसताना बुरशी या झुडपावर वाढते आणि तिथून पुन्हा गव्हावर येते. अमेरिकेने तर १९१८पासून ही झुडपं उपटायची मोहीमच काढली. भारतात हे उत्तर लागू पडेना. बार्बेरी डोंगरात, गहू मैदानात. आणि मे-जूनच्या उन्हात कापणीनंतरच्या काडावर उरलेले बीजाणू (बुरशीचे बीजासारखे सूक्ष्म कण) मरून जातात. तरी पुढच्या हंगामात तांबेरा हजर!

आग्रा कॉलेजचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक करमचंद मेहता (१८९२–१९५०) केम्ब्रिजहून परतले आणि उरलेलं आयुष्य त्यांनी या एका प्रश्नाला दिलं. कुठे रोग आधी दिसतो, डोंगरातल्या आपोआप उगवलेल्या गव्हावर तो उन्हाळाभर टिकतो का, हवेत बीजाणू कधी सापडतात, याच्या नोंदी त्यांनी वर्षानुवर्षं ठेवल्या. निष्कर्ष असा: बुरशी हिमालयात आणि निलगिरी-पळणीच्या थंड डोंगरांत तग धरते आणि वाऱ्यावर मैदानात उतरते. १९४०मध्ये हे काम ग्रंथरूपात आलं. भारतातल्या तांबेरा संशोधनाचा पाया तोच.

दुसरं काम बुरशीचे प्रकार ओळखण्याचं. अमेरिकी शास्त्रज्ञ स्टेकमन यांच्या पद्धतीत त्यासाठी गव्हाचे १२ ठरावीक वाण लागत; कोणते वाण बळी पडतात यावरून प्रकार ठरे. साधारण आठवड्याच्या रोपाचं पहिलं पान ओल्या बोटांनी हलकेच चोळायचं, म्हणजे मेणाचा थर जाऊन पाणी धरतं. मग बीजाणू लावून रोपं दमट पेटीत २४ तासांहून जास्त ठेवायची. दोनेक आठवड्यांनी पुळ्या पाहून ० ते ४ अशी नोंद; ३ आणि ४ म्हणजे वाण बळी पडला. पानावरचं दव मध्येच सुकलं तर बीजाणू रुजूनही आत शिरत नाही, आणि बळी पडणारा वाणही निरोगी भासतो. तापमानही फसवतं: गव्हातलं एसआर-६ हे रोगप्रतिकारक जनुक २० अंशांना रोग रोखतं, २५च्या वर ढिलं पडतं. रोगट पानाचा नमुना तपासणीला कागदी पाकिटातच पाठवायचा. प्लास्टिकमध्ये पान घामेजून कुजतं.

नागराजन आणि जोशी या शास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात दक्षिणेकडची वाट आणखी स्पष्ट केली. बंगालच्या उपसागरातल्या वादळांच्या वाऱ्यांबरोबर निलगिरीचे बीजाणू मध्य भारतावर येतात आणि पावसासोबत पिकावर पडतात. महाराष्ट्र याच वाटेवर आहे. म्हणूनच निफाडच्या गहू संशोधन केंद्रात काळ्या तांबेऱ्याला तोंड देणाऱ्या वाणांवर एवढा भर. केनियाच्या गव्हाशी संकर करून काढलेले ‘केनफाड’ वाण त्यातलेच. महाबळेश्वरच्या थंड हवेत तांबेरा जिवंत ठेवून नव्या वाणांची परीक्षा घेता येते.