पार्श्वभूमी : मूळ अवयवांची मांडणी आणि १ चे स्थान

प्रत्येक संयुक्त संख्येला एखाद्या तरी मूळ संख्येने भाग जातो, हे ग्रीकांनी इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास सिद्ध केले होते. आपल्याकडे १३५६ मधल्या एका संस्कृत गणितग्रंथात अवयव पाडण्याची सुरेख रीत आहे. १००१ मध्ये ३२ चा वर्ग (१०२४) मिळवला की २०२५, म्हणजे ४५ चा वर्ग येतो. म्हणून १००१ = (४५ − ३२) × (४५ + ३२) = १३ × ७७, आणि पुढे ७ × ११ × १३. युरोपात ही रीत जवळपास तीनशे वर्षांनी आली, तरी आज ती ओळखली जाते तिथल्या गणितज्ञाच्या नावाने.

क्रम सोडला तर कोणत्याही संख्येची अशी मूळ अवयवांत मांडणी एकमेव असते, याची स्वच्छ सिद्धता १८०१ मध्ये जर्मनीत छापली गेली.

खरा गुंता १ चा. ‘मूळही नाही, संयुक्तही नाही’ एवढे सांगून शाळेत पुढे जातात, पण हा निर्णय फार उशिरा स्थिरावला. बहुतेक ग्रीकांच्या लेखी १ ही संख्याच नव्हती. १७४२ मधले एक प्रसिद्ध अनुमान १ ला मूळ धरूनच मांडले होते. १९१४ मध्ये छापलेल्या, एक कोटीच्या पुढे जाणाऱ्या मूळ संख्यांच्या यादीतही पहिली नोंद १ चीच आहे. १ मूळ मानला तर १२ = २ × २ × ३ च्या मागे हवे तितके १ लावता येतात आणि मांडणी एकमेव राहत नाही, हे कारण नेहमी दिले जाते. ते बरोबर आहे, पण अपुरे आहे. ‘१ सोडून’ असे दोन शब्द जोडले तरी तेवढे भागते.

माझ्या मते निर्णायक ठरले ते १८४७. त्या वर्षी पॅरिसमध्ये एका जुन्या कूटप्रश्नाची सिद्धता मिळाल्याचा दावा झाला आणि तो कोसळला, कारण नव्या प्रकारच्या संख्यांतही मांडणी एकमेव असते हे त्यात गृहीत धरले होते. ते खरे नसते. √−५ सामावून घेतलेल्या संख्यांत (म्हणजे a + b√−५, जिथे a आणि b पूर्णांक) ६ = २ × ३ आणि ६ = (१ + √−५) × (१ − √−५), आणि यातला एकही गुणक आणखी फुटत नाही. मग कोणत्या मांडण्या खरोखर वेगळ्या, हे ठरवणे भाग पडले. २ × ३ आणि (−२) × (−३) वेगळ्या धरून चालणार नव्हते. त्यासाठी १ आणि −१ सारख्या, ज्यांचा व्यस्तही (१ ला त्या संख्येने भागून येणारी संख्या) त्याच संख्यांत असतो, अशांचा वेगळा गट झाला आणि १ ची जागा त्यात पक्की झाली.

१९७७ नंतर विषय गुप्तलेखनात शिरला, कारण मोठ्या संख्येचे अवयव पाडणे अवघड असते यावरच तिथली एक रीत विसंबते. त्या वर्षी आव्हान म्हणून दिलेली १२९ अंकी संख्या १९९४ मध्ये फुटली. ६४ आणि ६५ अंकी दोन मूळ संख्या निघाल्या. संख्या मूळ आहे का, हे अवयव न पाडता खात्रीने आणि झटपट तपासण्याची रीत २००२ मध्ये कानपूरला सापडली. अवयव पाडण्याला मात्र आजच्या संगणकांसाठी तितकी झटपट रीत नाही. २०२० मध्ये २५० अंकी संख्या फोडायला एका प्रोसेसर गाभ्याच्या हिशेबाने सुमारे २,७०० वर्षांची आकडेमोड लागली. क्वांटम संगणकासाठीची रीत १९९४ पासून कागदावर तयार आहे, आणि तिच्या धास्तीने अमेरिकेत २०२४ मध्ये अवयवांवर न विसंबणारी गुप्तलेखनाची नवी मानके जाहीर झाली.