पुतळी, गिनी आणि कसोटीचा दगड : गोव्यातल्या जुन्या सोन्याच्या नाण्यांची पार्श्वभूमी

आजीच्या पेटीतले नाणे शेटकडे, म्हणजे सोनाराकडे नेले, त्याने दगडावर घासले आणि ‘बावन्नकशी आहे’ म्हटले, की घरचे लोक नाणे खरे ठरवून मोकळे होतात. शेटने मात्र फक्त सोन्याची हमी दिलेली असते. नाणे कोणी पाडले, कधी पाडले, याचे उत्तर कसोटीच्या दगडाकडे नसते. गोव्यात हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले त्याला कारण आहे. इथे सोन्याची नाणी खर्चायला कमी आणि अंगावर घालायला जास्त वापरली गेली.

गोव्याच्या कदंब राजांच्या सिंहछाप नाण्यांवर सप्तकोटीश्वराच्या वरप्रसादाचा नागरी लेख असतो. ती नाणी फार थोड्या घरांत दिसतील, म्हणून त्यांचा एवढाच उल्लेख पुरे. पोर्तुगिजांनी 1510 मध्ये इथे टांकसाळ सुरू केली. पुढे सांव तोमेच्या (संत थॉमसच्या) क्रुसाची सोन्याची नाणी निघाली. अठराव्या शतकात बारा शेराफिनांचे नाणे पडू लागले. त्याच्या एका बाजूला क्रूस असे आणि क्रुसाच्या कोनांत सालाचे आकडे. ‘शेराफीन’ हा शब्द ‘अशर्फी’वरून आला. मूळ अशर्फी सोन्याची, पण गोव्यातला शेराफीन बराच काळ चांदीचा. त्यामुळे जुन्या कागदात ‘शंभर शेराफीन’ वाचून घरात सोने होते असे कोणी धरू नये. पणजीच्या ‘कासा द मुएद’ या इमारतीतली टांकसाळ 1834 ते 1841 चालली. 1878 च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर गोव्यासाठी नाणी कोलकात्यात पडू लागली, पण ती चांदीची आणि तांब्याची. त्यामुळे गेल्या दीडशे वर्षांत गोव्यातल्या घरांत आलेले सोन्याचे नाणे बहुतेक बाहेरचे, म्हणजे पुतळी किंवा गिनी.

सगळ्यात मोठा गुंता ‘पुतळी’ या शब्दात आहे. मुळात पुतळी म्हणजे व्हेनिसचे डुकाट हे सोन्याचे नाणे. ते 1284 पासून 1797 मध्ये व्हेनिसचे प्रजासत्ताक बुडेपर्यंत पाडले जात होते. वजन साधारण 3.5 ग्रॅम आणि सोने जवळपास शुद्ध. एका बाजूला उभ्या संतापुढे गुडघे टेकलेला राज्यप्रमुख आणि दोघांच्या मध्ये ध्वजाची काठी. दुसऱ्या बाजूला लंबगोलात ताऱ्यांमध्ये उभा ख्रिस्त. आपल्याकडे या आकृत्यांना पुतळ्या म्हटले गेले आणि नाण्याला तेच नाव पडले. मागणी इतकी होती की भारतातच त्याच्या नकला होऊ लागल्या. ठसा कोरणाऱ्याला लॅटिन येत नसे, म्हणून अक्षरांच्या जागी उभ्याआडव्या रेघा आल्या, काही अक्षरे उलटी पडली, संताच्या अंगरख्याच्या चुण्या नुसत्या ठिपक्यांच्या ओळी झाल्या.

या नकलांना ‘खोटे’ म्हणायचे का? जुन्या नाण्यांचे व्यापारी सरळ खोटे म्हणतात. आमच्या मते ते चुकीचे आहे. नक्कल करणाऱ्याने त्यात चांगले सोने घातले होते, ते दागिना म्हणून विकले होते आणि घेणाऱ्याने सोन्याच्या भावानेच घेतले होते. फसवणूक आज होते, कारण तीच नक्कल ‘व्हेनिसची अस्सल’ म्हणून संग्राहकाच्या भावात विकली जाते. चार प्रकार वेगळे ठेवावेत : व्हेनिसचे डुकाट, भारतात सोन्यात पाडलेली जुनी नक्कल, पत्र्यावर ठसा उमटवून केलेली दागिन्याची पुतळी (हिच्यावर बहुधा लक्ष्मी असते) आणि तांब्यावर किंवा चांदीवर मुलामा दिलेला माल. यांतला फक्त शेवटचा खोटा. पहिले दोन वेगळे करायचे तर दहापट भिंगाखाली लेख वाचावा. खऱ्या डुकाटावर अक्षरे ओबडधोबड असली तरी ती अक्षरे असतात आणि राज्यप्रमुखाचे नाव जुळवता येते. वरची कडी जुनी आहे एवढ्यावरून काही ठरत नाही, कारण नकलांनाही त्याच काळात कड्या लागल्या.

कडी वजनाचाही घोळ करते. कडी आणि तिचा डाख धरून पुतळी चार ग्रॅमपर्यंत भरू शकते, आणि कडी काढलेली पुतळी घासून 3.4 वर आलेली असू शकते. म्हणून नुसत्या वजनावर विसंबू नये, पाण्यातले वजन घ्यावे. काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्य करावा. नाणे बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवावे. ते तळाला किंवा काठाला लागू देऊ नये. हवेतल्या वजनाला काट्यावर दिसेल त्या आकड्याने भागावे. हा भागाकार म्हणजे घनता. शुद्ध सोन्याला 19.3 येते, चांदीला 10.5, तांब्याला 9 च्या आसपास. पुतळीचा पाण्यातला आकडा जेमतेम 0.18 ग्रॅम असतो. दोन दशांश दाखवणाऱ्या काट्यावर 0.17 आणि 0.19 मधला फरक उत्तर 20.5 वरून 18.4 वर नेतो. त्यासाठी तीन दशांशांचा काटा हवा, नाहीतर दहा पुतळ्या एकत्र बुडवाव्यात. माळ ओवलेलीच बुडवू नये, कारण दोऱ्यात हवा अडकते आणि सोने हलके वाटते. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकला की बुडबुडे सुटतात.

गिनीची गोष्ट सोपी असायला हवी होती. आपण जिला राजाची किंवा राणीची गिनी म्हणतो ती गिनी नव्हेच, ती सॉव्हरिन हे ब्रिटनचे सोन्याचे नाणे. खरी गिनी 8.35 ग्रॅमची आणि तिचे पाडणे 1814 मध्ये संपले. सॉव्हरिन 7.988 ग्रॅमची, व्यास 22.05 मिलिमीटर, सोने 22 कॅरट. पोर्तुगालमध्ये ती 1854 पासून कायदेशीर चलन होती आणि ब्रिटिश हिंदुस्थानात 1899 पासून पंधरा रुपयांना चाले, त्यामुळे गोव्यात ती दोन्ही दारांनी आली. 1918 मध्ये मुंबईतही पडली. त्या नाण्यांवर मागच्या बाजूला, सालाच्या वर, घोडेस्वाराच्या घोड्याच्या पायाखालच्या जमिनीच्या पट्टीवर, इंग्रजी ‘आय’ हे बारीक अक्षर असते.

गोंधळ झाला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. भारतात सोन्याच्या आयातीवर बंदी, गोव्यात ती नाही, आणि जगभर सॉव्हरिनला तिच्यातल्या सोन्यापेक्षा जास्त भाव. त्या फरकासाठी इटलीत आणि लेबनॉनमध्ये पूर्ण वजनाच्या, 22 कॅरटच्या बनावट सॉव्हरिन पाडल्या गेल्या. 1950 च्या दशकात स्वित्झर्लंडमधल्या न्यायालयाने सॉव्हरिन आता चालू चलन राहिलेली नाही, असे धरून एका बनावट नाणी पाडणाऱ्याला दुसऱ्या देशाच्या ताब्यात द्यायला नकार दिला. हा निर्णय आम्हांला आजही पटत नाही. ज्या नाण्यावर लोक विश्वासाने जास्त पैसे मोजतात, त्याची नक्कल सोने पुरे घातले म्हणून निर्दोष कशी? ब्रिटनने 1957 पासून नव्या सॉव्हरिन पाडून बाजार भरायला सुरुवात केली, पण तोवर बनावट माल आखातात आणि तिथून घरोघर पोचला होता.

या बनावटीला दगड आणि पाणी दोन्ही पास करतात. 22 कॅरटला 17.7 च्या आसपास यायला हवे आणि येते. दुकानातले एक्स-किरणांचे यंत्रही तेच सांगते. ते यंत्र फक्त वरचा पातळ थर वाचते, त्यामुळे जाड मुलाम्याखालची धातू त्याला दिसत नाही, हेही लक्षात ठेवावे. टंगस्टनची घनता 19.25, म्हणून त्याची भीती सगळे घालतात. पण इतक्या कठीण धातूवर नाण्याचा बारीक ठसा उमटवणे अवघड, आणि 22 कॅरटच्या घनतेशी ती जुळतही नाही. तो धोका मुख्यतः लगडीत. एकोणिसाव्या शतकात प्लॅटिनमवर सोने चढवून सॉव्हरिन केल्या गेल्या होत्या, कारण तेव्हा प्लॅटिनम स्वस्त होते. पाण्यातल्या वजनाचा भागाकार 20 च्या वर गेला तर ते आठवावे.

सोने पुरे असलेली बनावट पकडायची तर ठसाच पाहायला हवा. पाचव्या जॉर्जच्या सॉव्हरिनवर मानेच्या कापावर आणि मागे सालाच्या उजवीकडे कोरणाऱ्यांची आद्याक्षरे असतात. बनावटीत ती फुगलेली किंवा पुसट दिसतात. सपाट भागावर सोन्याचे उंचवटे, बारीक ठिपके दिसले तर संशय घ्यावा. अस्सल नाण्याला वापराने खड्डे आणि ओरखडे पडतात, उंचवटे येत नाहीत. ते ठशातच असतात, आणि दुसऱ्या नाण्यावर त्याच जागी तेच ठिपके दिसले तर शंकेला जागा उरत नाही. काठाचे दाते सर्वत्र सारखे हवेत. काठावरून सांधा फिरलेला दिसला तर नाणे ओतीव. 1917 ची लंडनची सॉव्हरिन दुर्मीळ, म्हणून तिची बनावटही खूप. लंडनच्या नाण्यावर टांकसाळीचे अक्षर नसते, म्हणून जमिनीच्या पट्टीवर कोणतेही अक्षर नसलेले 1917 चे नाणे हाती आले तर आनंद आवरून आधी भिंग घ्यावे.

कस लावायचाच असेल तर काठावर लावावा, चेहऱ्यावर कधीच नाही. एकदा घासलेला चेहरा संग्राहक मोडीच्या भावात मागतो. ‘शेतात हंडा सापडला’ म्हणून नाणी दाखवणाऱ्याकडून तर काहीच घेऊ नये. 1878 च्या कायद्याने दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा गुप्त ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो, आणि शंभर वर्षांपेक्षा जुने नाणे 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. ते सुटकेसमध्ये घालून लिस्बनला किंवा लंडनला नातेवाइकांकडे नेता येत नाही.