शिजवायचंय की आटवायचंय?

उकळत्या पाण्याखालचा जाळ कितीही वाढवला, तरी ते पाणी आणखी गरम होत नाही. शाळेत हे वाक्य आपण सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. तरीही कोल्हापुरातल्या कुठल्याही पेठेत रविवारी सकाळी मटणाची अळणी, म्हणजे तिखट न घातलेला रस्सा, शेगडीवर चढली की गॅस मोठा तो मोठाच राहतो. खदखदा उकळ्या फुटल्या म्हणजे लवकर शिजतं, हा समज घरोघरी पक्का बसलेला आहे. भात, आमटी, कुकरच्या शिट्ट्या, सगळीकडे तोच.

पर्यावरण सांभाळायच्या सवयी म्हटल्या की कापडी पिशवी आणि स्टीलची बाटली लगेच आठवते. त्या चांगल्याच आहेत. पण दिवसातून दोन-तीनदा, वर्षाचे बारा महिने आपण आग पेटवतो ती स्वयंपाकघरात, आणि ती आग नेमकी कशावर खर्च होते याचा हिशोब क्वचितच होतो. एक किलो एलपीजी जळला की सुमारे तीन किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. आपल्या देशात लागणारा निम्म्याहून जास्त एलपीजी बाहेरून येतो. आणि त्यातला काही जातो नुसत्या वाफेत.

पाण्याचे रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. पाणी तापतं तेव्हा रेणूंची धावपळ वाढते, तापमापकातला आकडा चढतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर असल्याने इथे हा आकडा ९८ अंश सेल्सिअसच्या आसपास थांबतो. तिथून पुढे दिलेली उष्णता धावपळ वाढवत नाही. ती बंध तोडून रेणूंना बाहेर काढण्यात खर्ची पडते. जितका जाळ जास्त, तितके रेणू जास्त सुटतात आणि उष्णता घेऊन निघून जातात. तापमान जागचं हलत नाही. या दडलेल्या उष्णतेला अप्रकट उष्मा म्हणतात. जोसेफ ब्लॅक या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १७६०च्या दशकात ग्लासगोमध्ये पाणी उकळायला किती वेळ लागतो आणि तेच पाणी उडून जायला किती, याची तुलना करून ही गोष्ट मांडली. दुसरा वेळ पहिल्याच्या कितीतरी पट निघतो.

आता हे आकड्यांत बघू. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते. म्हणजे २५ अंशांचं एक लिटर पाणी उकळीला आणायला ७३ किलोकॅलरी. तेच एक लिटर पाणी वाफ करून उडवायला ५४० किलोकॅलरी, सातपटीहून जास्त! एलपीजीच्या एका ग्रॅममध्ये साधारण १०.९ किलोकॅलरी असतात. चांगल्या शेगडीवर त्यातल्या ६५ टक्क्यांच्या आसपास भांड्यात पोहोचतात, म्हणजे ग्रॅमला सात धरू. उकळी आणायला साडेदहा ग्रॅम गॅस, आटवायला सत्त्याहत्तर. २०० मिलीचा एक पेला पाणी वाफ होऊन गेलं की १५ ग्रॅम गॅस गेला, आणि तेवढ्यात दीड लिटर गार पाण्याला उकळी आली असती. अंघोळीच्या वीस लिटर पाण्याला २५ अंशांवरून ४२ वर आणायला ३४० किलोकॅलरी पुरतात. तेवढी उष्णता सव्वासहाशे मिली पाण्याच्या वाफेत असते.

मोठा बर्नर पूर्ण जाळावर तासाला साधारण १५० ग्रॅम गॅस जाळतो. उकळी आल्यावरही तो तसाच ठेवला तर मिनिटाला तीसेक मिली पाणी उडतं. रोज दहा मिनिटं असं झालं तर महिन्याला पाऊण किलो गॅस गेला. १४.२ किलोच्या सिलिंडरमधला हा पाच टक्के वाटा असा जातो की त्याने एक दाणासुद्धा जास्त शिजलेला नसतो.

पाणी उडवणं हेच जिथे काम आहे, अशी जागा आपल्याच जिल्ह्यात आहे: गुऱ्हाळ. उसाच्या रसात ऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. हजार लिटर रसाचा गूळ करायचा म्हणजे आठशे लिटर पाणी काहिलीतून, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईतून, वर जायलाच हवं. त्याला चार लाख बत्तीस हजार किलोकॅलरी लागतात, आणि काहिलीखालच्या चुलवाणातून धुराड्यात जाते ती वेगळीच. रस दाट होत जातो तशी साखरेमुळे उकळण्याची पातळीही चढते. गूळ उतरवायच्या वेळी काहिलीतलं तापमान ११८ ते १२० अंशांपर्यंत गेलेलं असतं. गुळव्या ते थेंब पाण्यात टाकून, गोळी बोटांनी दाबून ओळखतो. रस काढून उरलेलं चिपाड जाळण्याआधी पसरून वाळवतात त्यामागेही हाच अप्रकट उष्मा आहे. चरकातून निघालेल्या ओल्या चिपाडात वजनाच्या निम्म्याच्या आसपास पाणी असतं. ते तसंच चुलवाणात घातलं तर आधी स्वतःचं पाणी उडवण्यात त्याची आच जाते, काहिलीला उरते ती कमी. गुऱ्हाळात वाफ हे कामाचं फळ आहे. भाताच्या पातेल्यावर ती नुसती गळती आहे.

मग शिजायला काय लागतं? योग्य तापमान आणि वेळ. तांदळातला स्टार्च पाणी शोषून फुलतो तो साधारण ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान. आजरा घनसाळ असो की इंद्रायणी, यात फार फरक पडत नाही. मटणातल्या पांढऱ्या शिरांमध्ये कोलॅजन नावाचं प्रथिन असतं. ते ७० अंशांच्या वर हळूहळू विरघळून जिलेटिन होतं, आणि पांढऱ्या रश्श्याला अंग येतं ते त्यानेच. यातल्या कशालाच खळखळाट लागत नाही. बारीक गॅसवर, झाकणाखाली, कडेला एखाददुसरा बुडबुडा येत असेल तर आतलं तापमान खदखदणाऱ्या पातेल्याइतकंच असतं. उलट जोरात उकळल्याने चरबी बारीक थेंबांत फुटून अळणी गढूळ होते आणि डाळ उतू जाते.

तापमान खरंच वाढवायचं असेल तर दाब वाढवावा लागतो, म्हणजे कुकर. दनी पापँ या फ्रेंच संशोधकाने १६७९ साली अशा बंद भांड्याचं तत्त्व दाखवलं. आपल्या घरातल्या कुकरची शिट्टी दर चौरस सेंटिमीटरला एक किलो इतक्या जादा दाबाला उचलली जाते. त्या दाबाला पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं. वीस अंशांनी शिजण्याचा वेग चौपटीच्या घरात जातो, आणि गॅस वाचतो तो यामुळे. पण शिट्टी वाजते म्हणजे काय होतं? दाब पुरा झाला, तरी खालून जाळ जास्तच येतोय, म्हणून कुकर वाफ बाहेर टाकतो. शिट्टीने आतलं तापमान वाढत नाही. "तीन शिट्ट्या करा" या मोजमापात तर काहीच पक्कं नाही, कारण दोन शिट्ट्यांमधला वेळ जाळावर, कुकरच्या आकारावर आणि आतल्या पाण्यावर ठरतो. मोठ्या गॅसवर तीन शिट्ट्या चार मिनिटांत होतील, बारीक गॅसवर वीस मिनिटांतही होणार नाहीत.

म्हणून शिट्ट्या सोडून मिनिटं मोजा. २०० ग्रॅम तूरडाळ धुऊन अर्धा तास कोमट पाण्यात भिजवा. भिजवलेल्या पाण्यासकट एकूण ६०० मिली पाणी, चिमूटभर हळद आणि फेस दाबायला चमचाभर तेल घाला. मोठ्या गॅसवर पहिली शिट्टी उचलू लागली की गॅस अगदी बारीक करा, इतका की शिट्टी नुसती सूं सूं करत राहील. असं पाच मिनिटं, मग बंद. दाब आपोआप उतरायला दहा-बारा मिनिटं लागतात, आणि त्या वेळात डाळ फुकट शिजत असते. कालथ्याने शिट्टी उचलून वाफ सोडली की ते शिजणं तिथेच संपतं, शिवाय डाळ उसळून वाफेच्या नळीत अडकते. चिंच, आमसूल, टोमॅटो डाळ शिजल्यावर घाला. आंबटात डाळीच्या पेशींना जोडणारं पेक्टिन सैल होत नाही आणि डाळ कितीही वेळ ठेवली तरी दाणेदार राहते. पाणी जड असेल तरी हेच होतं, त्यातलं कॅल्शियम पेक्टिनला घट्ट धरतं. कुकरमध्ये डबे लावता तेव्हा तळाला दीड-दोन वाट्या पाणी पुरतं. जास्त घातलं तर ते तापवण्याचा खर्च वाढतो, अगदीच कमी घातलं तर कुकर कोरडा पडून सुरक्षा झडप वितळते.

गॅसच्या नळीवर चुंबकाची पट्टी बसवली की सिलिंडर जास्त दिवस जातो, अशी जाहिरात अधूनमधून फिरते. एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन. त्यांच्या जळण्यातून किती उष्णता निघणार हे त्यांच्या रासायनिक बंधांवर ठरतं, आणि असल्या चुंबकाने त्या बंधांना काही होत नाही. निळ्या ज्योतीने जळणारा गॅस आधीच जवळपास पुरा जळतो. गळती नळीत नाही, झाकणाच्या फटीत आहे. असली पट्टी विकत घेऊ नका.

आता वाफ मुळीच जाऊ न देण्याची रीत. भांडं एकदा उकळीला आलं की त्याला पुढे गॅस लागतो तो भिंतींतून जाणारी उष्णता भरून काढायला. ती जाऊच दिली नाही तर गॅस बंद करता येतो. यासाठी उबपेटी लागते आणि ती घरीच होते. भांड्याच्या चारी बाजूंनी, खाली आणि वर किमान दहा सेंटिमीटर जागा राहील असं खोकं किंवा जुनी पत्र्याची पेटी घ्या. तळाला भाताचं पिंजर, म्हणजे पेंढा, दाबून भरा. भोवती जुनी वाकळ गुंडाळा, वर उशीसारखी दुसरी. काम करते ती पिंजरातली आणि कापडातली अडकलेली हवा, म्हणून पोकळी ठेवू नका आणि फार ठोकूनही भरू नका. भांडं जाड बुडाचं, आखूड कानांचं आणि घट्ट झाकणाचं हवं. लांब दांड्याचं पातेलं घेतलं तर दांड्याशी फट राहते आणि ऊब तिथूनच निघून जाते.

भातासाठी: २५० ग्रॅम तांदूळ वीस मिनिटं भिजवून निथळा, ४५० मिली पाणी घाला. नेहमीपेक्षा कमी, कारण इथे काही उडत नाही. झाकण ठेवून उकळी आणा, तीन मिनिटं बारीक गॅसवर ठेवा आणि झाकण न उघडता पेटीत घाला. पाऊण तासाने भात मोकळा मिळतो. भिजवलेल्या तूरडाळीला दहा मिनिटं उकळी आणि दोन तास पेटी. एक किलो मटणाला दीड लिटर पाणी, वीस मिनिटं उकळी, तीन तास पेटी आणि वाढण्याआधी पुन्हा एक उकळी.

फसतं ते बहुधा तीन कारणांनी. भांडं अर्धंच भरलेलं असतं. थोड्या अन्नात साठलेली उष्णता थोडी, पण बाहेरचा पृष्ठभाग तेवढाच, म्हणून ते लवकर निवतं. भांडं निदान दोनतृतीयांश भरा. दुसरं, मध्येच उघडून बघणं. वाफेचा एक लोट बाहेर गेला की अप्रकट उष्म्यासकट गेला, आणि पेटीत तो भरून द्यायला जाळ नसतो. तिसरं, वाकळ ओली होणं. झाकणाच्या कडेने सुटलेली वाफ कापडात जिरते आणि ओलं कापड ऊब धरत नाही. आत प्लॅस्टिकचा एक कागद घाला. जुलै-ऑगस्टमध्ये इथे वाकळ उन्हात वाळवायची सोयच नसते, तेव्हा हे जास्तच जपा.

आणि एक गोष्ट काटेकोरपणे पाळायची. पेटीतलं अन्न ६० अंशांच्या खाली जाऊन तासन् तास पडू देऊ नका. भातात आणि मटणाच्या रश्श्यात काही जिवाणूंचे बीजाणू उकळीतूनही वाचतात आणि कोमट अन्नात भराभर वाढतात. स्वयंपाकाचा साधा तापमापक घेऊन पहिल्या काही वेळा मोजा. राजमा तर थेट पेटीत घालूच नका. त्यातलं लेक्टिन नावाचं एक विषारी प्रथिन सावकाश, कमी तापमानाला शिजवल्याने नष्ट होत नाही. आठ-दहा तास भिजवून, ते पाणी फेकून, ताज्या पाण्यात किमान दहा मिनिटं खळखळून उकळलेला राजमाच पेटीत जावा. इथे मात्र गॅस मोठा ठेवायचा, अगदी खदखदा.