कार्बन कर : देशोदेशींच्या दरांची तुलना

जीवाश्म इंधनांच्या ज्वलनातून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडवर टनाच्या हिशेबाने बसवलेला कर म्हणजे कार्बन कर. बहुतेक ठिकाणी तो धुराड्यावर मोजला जात नाही. इंधनातील कार्बनच्या प्रमाणावरून दर ठरवून इंधनाच्या विक्रीच्या वा आयातीच्या वेळीच वसूल होतो. फिनलंडने १९९० मध्ये तो प्रथम लागू केला.

दरांतील तफावत मोठी आहे. स्वीडनचा कर १९९१ मध्ये टनाला सुमारे २५० क्रोना होता, तो पुढे हजार क्रोनांपलीकडे गेला. स्वित्झर्लंडमध्ये २०२२ पासून १२० फ्रँक, तर जपानमध्ये अवघे २८९ येन. मात्र नुसत्या दरावरून निष्कर्ष काढणे फसवे ठरते. उरुग्वेचा दर जगातील सर्वोच्च दरांपैकी असला तरी तो केवळ पेट्रोलवर, तोही बव्हंशी जुन्या अबकारी कराच्या जागी आला. जपानचा क्षुल्लक दर मात्र तेल, वायू आणि कोळसा या तिन्हींवर आहे. कोळशावर विसंबलेल्या दक्षिण आफ्रिकेने २०१९ मध्ये १२० रँड दर जाहीर केला, पण ६० ते ९५ टक्के उत्सर्जन करमुक्त ठेवल्याने प्रत्यक्ष भार ६ ते ४८ रँडच पडला. फ्रान्समधील नियोजित वाढ २०१८ च्या ‘पिवळ्या जाकिटां’च्या आंदोलनामुळे थांबली, ऑस्ट्रेलियाने तर दोन वर्षांतच, २०१४ मध्ये, ही आकारणी रद्द केली.

भारतात या नावाचा कर नाही. तरीही वेस्टर्न कोलफील्ड्सचे मुख्यालय आणि कोराडी, खापरखेडा ही औष्णिक वीज केंद्रे जवळ असलेल्या नागपूरकरांना त्याचा भारतीय अवतार अपरिचित नसावा. कोळशावर २०१० मध्ये टनाला ५० रुपये उपकर लागला, तो २०१६ पर्यंत ४०० रुपयांवर गेला आणि २०१७ मध्ये वस्तू व सेवा कराच्या भरपाई उपकरात रूपांतरित झाला. वीज केंद्रांतील एका टन कोळशातून ढोबळमानाने दीड टन कार्बन डायऑक्साइड निघतो असे धरल्यास हा भार उत्सर्जनाच्या टनामागे सुमारे २६५ रुपये होतो. जपानचे २८९ येन दोनशे रुपयांच्याही आत येतात. सप्टेंबर २०२५ मध्ये हा उपकर काढून कोळशावरील वस्तू व सेवा कर ५ वरून १८ टक्के करण्यात आला. त्यामुळे आता आकारणी वजनावर नसून किमतीवर आहे आणि पूर्वी सरसकट ४०० रुपयांमुळे तुलनेने महाग पडणाऱ्या हलक्या प्रतीच्या, स्वस्त कोळशावरील भार उलट कमी झाला आहे.