उमेदवारांना एकत्र का बसवतात? सुपरमार्केटमधल्या गट मुलाखतीची पार्श्वभूमी

सुपरमार्केटमधल्या नोकरीसाठी बोलावणे येते आणि त्यात ‘गट मुलाखत’ असे लिहिलेले असते, तेव्हा बहुतेकांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो असा, की इतरांच्या गर्दीत मी उठून कसा दिसणार? आठ-दहा अनोळखी माणसे, समोर एखादे कोडे किंवा छोटे काम आणि बाजूला टिपणे घेत बसलेले एक-दोन व्यवस्थापक. हे चित्र पाहून ही स्पर्धाच आहे असे वाटणे साहजिक आहे. पण ज्यांनी ही पद्धत घडवली, ते वेगळेच काहीतरी शोधत होते. ते समजले तर तयारीही वेगळी होते.

आधी दुकानाकडे पाहू. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत किराणा दुकानात गिऱ्हाईक काउंटरच्या एका बाजूला आणि सगळा माल दुसऱ्या बाजूला असे. काय हवे ते सांगायचे आणि दुकानातला माणूस मोजून, बांधून हातात देणार. वजनाचा अंदाज, भाव पाठ असणे, मालाची पारख, कोणाला उधार द्यायचे याची जाण, हे सगळे वर्षानुवर्षांच्या उमेदवारीतून शिकावे लागे. नोकर ठेवायचा तो ओळखीतला, कोणीतरी शब्द टाकलेला. मुलाखत अशी फारशी नसेच.

6 सप्टेंबर 1916 रोजी अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात क्लॅरेन्स साँडर्स यांनी ‘पिगली विगली’ हे दुकान उघडले आणि ही घडी मोडली. गिऱ्हाइकाने फिरत्या दारातून आत यायचे, टोपली घेऊन मांडण्यांमधून स्वतः माल निवडायचा आणि बाहेर पडताना पैसे द्यायचे. प्रत्येक वस्तूची किंमत लिहिलेली. या रचनेचे पेटंटही त्यांना 1917 मध्ये मिळाले. पुढे 1930 मध्ये मायकेल कलन यांनी न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात ‘किंग कलन’ काढले, तेव्हा मोठी जागा, थोडा नफा आणि भरपूर विक्री हे सुपरमार्केटचे गणित पक्के झाले. 1937 मध्ये ओक्लाहोमा सिटीतल्या सिल्व्हन गोल्डमन यांनी चाकांची ढकलगाडी आणली. 26 जून 1974 रोजी ओहायोतल्या ट्रॉय गावात बारकोड वाचून पहिली वस्तू विकली गेली. ती होती च्युइंगगमचे पाकीट.

यातल्या जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर दुकानातल्या माणसाचे एकेक कौशल्य यंत्राकडे किंवा गिऱ्हाइकाकडे गेले. तोलणे-बांधणे गेले, भाव पाठ करणे गेले, मग बेरीजही गेली. उरले ते माणसांशी वागणे. रांग लांबली असताना शांत राहणे, वस्तू सापडत नाही म्हणून चिडलेल्या ग्राहकाला त्या मांडणीपर्यंत घेऊन जाणे, सोबतचा सहकारी एकटा माल लावतोय हे पाहून न सांगता हात लावणे. या गोष्टी प्रमाणपत्रावर दिसत नाहीत. शिवाय नवी शाखा उघडायची किंवा सणासुदीची गर्दी तोंडावर आलेली, तेव्हा माणसेही एकदम बरीच लागतात. एकेकाला स्वतंत्र बसवून बोलायला व्यवस्थापकाकडे तेवढा वेळ नसतो. गट मुलाखतीमागे ही निकडही आहे.

वैयक्तिक मुलाखत तरी कितपत भरवशाची, ही शंकाही जुनीच. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हॅरी हॉलिंगवर्थ यांनी 1922 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात 12 विक्री व्यवस्थापकांनी तेच 57 उमेदवार तपासले होते. एकाने अगदी वर ठेवलेला उमेदवार दुसऱ्याच्या यादीत तळाशी, इतकी तफावत निघाली. समोरासमोरच्या गप्पांतून माणूस कळतो, या समजुतीला तो मोठा धक्का होता.

माणसाला त्याच्याविषयी विचारण्यापेक्षा कामात गुंतलेला पाहावा, ही कल्पना पुढे रुजली ती सैन्यात. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात जर्मन सैन्यातल्या मानसशास्त्रज्ञांनी अधिकारी निवडताना उमेदवारांना एकत्र चर्चेला बसवायला सुरुवात केली होती. पण आजच्या गट मुलाखतीचा खरा उगम मला 1942 च्या ब्रिटनमध्ये दिसतो. तोवर तिथे अधिकारी होण्यासाठी छोटीशी मुलाखत असे. तिच्यात घराणे, शाळा आणि बोलण्याची ढब यांचा प्रभाव मोठा. असे निवडलेले अनेक जण प्रशिक्षणात टिकत नव्हते आणि युद्ध तर ऐन भरात होते. तेव्हा निवडीसाठी नवी मंडळे स्थापन झाली. पहिला प्रयोग एडिनबर्गमध्ये झाला. उमेदवारांना साधारण तीन दिवस एकत्र ठेवत. त्यांच्या दंडावर आकड्याची पट्टी असे, म्हणजे नाव, हुद्दा आणि घराणे बाजूला राहावे.

या प्रयोगातले मनोविकारतज्ज्ञ विल्फ्रेड बायन यांची युक्ती मला आजही विलक्षण वाटते. गटाला एक काम द्यायचे, उदाहरणार्थ ओंडके आणि दोर वापरून अडथळा पार करणे, पण नेता नेमायचा नाही. निरीक्षकाने काहीही न सांगता बघत राहायचे. प्रत्येक उमेदवाराला माहीत असते, की आपली निवड होणार आहे ती एकट्याची, आणि समोरचे काम मात्र सगळ्यांनी मिळूनच पार पडणार आहे. स्वतःचा ठसा उमटवण्याची ओढ आणि दुसऱ्याला साथ देण्याची गरज यांच्या ओढाताणीत माणूस काय करतो, तेच बायन यांना पाहायचे होते. काम पुरे झाले की नाही याला दुय्यम महत्त्व होते. आज टेबलावर कागद आणि चिकटपट्टी ठेवून मनोरा उभारायला सांगतात तेव्हा मनोरा पडला तरी बिघडत नाही, त्याचे कारण इथे आहे.

युद्ध संपल्यावर ही पद्धत ब्रिटनच्या नागरी सेवेत गेली आणि अमेरिकेत ‘एटी अँड टी’ या दूरध्वनी कंपनीत पोहोचली. तिथे 1956 मध्ये डग्लस ब्रे यांनी तरुण व्यवस्थापकांवर दीर्घ अभ्यास सुरू केला. चाचण्यांचे निकाल वरिष्ठांपासून लपवून ठेवले आणि काही वर्षांनी ते प्रत्यक्ष बढत्यांशी ताडून पाहिले. अंदाज बऱ्यापैकी खरे ठरले. मग सीअर्ससारख्या किरकोळ विक्रीतल्या कंपन्याही या वाटेने आल्या.

याच सुमारास एक अडचणही उघड झाली, आणि उमेदवाराच्या दृष्टीने ती फार मोलाची आहे. 1940 च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड बास यांनी नेता नसलेल्या गटचर्चेचा बारकाईने अभ्यास केला. त्यांना दिसले, की जो जास्त बोलतो त्याला निरीक्षक जास्त गुण देतात. म्हणजे बायन यांनी शोधायची ठरवलेली गोष्ट एक आणि निरीक्षकाच्या डोळ्यांत भरणारी दुसरी. म्हणून पुढे गुणपत्रके आली. ‘चांगला वाटला’ असे मोघम न लिहिता दुसऱ्याचे म्हणणे पूर्ण ऐकले का, गप्प बसलेल्याला सामील केले का, वेळेवर लक्ष ठेवले का, अशा दिसणाऱ्या कृती नोंदवायच्या.

गटाला दिल्या जाणाऱ्या कोड्यांनाही स्वतःचा इतिहास आहे. चंद्रावर अडकलेल्या प्रवाशांनी 15 वस्तूंचा महत्त्वानुसार क्रम लावायचा, हे प्रसिद्ध कोडे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जे हॉल यांच्या नावावर आहे आणि ते 1970 च्या सुमारास गाजले. आधी एकट्याने क्रम लावायचा, मग गटाने मिळून, आणि शेवटी दोन्ही याद्या तज्ज्ञांच्या यादीशी जुळवायच्या. गटाची यादी सहसा सरस ठरते, पण ती मतभेद नीट ऐकून घेतले तरच. निर्जन बेट, बुडते जहाज अशी पुढची रूपे आजही मुलाखतींत भेटतात. ‘असा प्रसंग आला तर तुम्ही काय कराल?’ या धाटणीचे ठरावीक प्रश्न गॅरी लॅथम आणि सहकाऱ्यांच्या 1980 मधल्या कामातून रुळले. प्रत्येकाला तोच प्रश्न विचारला की उत्तरांची तुलना करता येते.

सुपरमार्केटपर्यंत येताना मात्र तीन दिवसांची ही प्रक्रिया तास-दीड तासावर आली. अनेक निरीक्षकांच्या जागी एक-दोन राहिले, तेही बहुधा शाखेचे काम सांभाळून आलेले. माझ्या मते तयारीचा विचार इथूनच करायला हवा. पद्धतीचा हेतू बायन यांचाच आहे, पण वेळ इतका कमी, की बास यांना दिसलेला दोष इथे जास्त जाणवतो. शांतपणे सगळे ऐकणारा, समंजस उमेदवार केवळ नजरेतून सुटल्यामुळे नाकारला जाऊ शकतो, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते. अशा माणसाने आपले ऐकणे ऐकू येईल असे करायला हवे.

त्यासाठी मोठी भाषणे लागत नाहीत. पहिल्या दोन-तीन मिनिटांत एकदा तरी तोंड उघडावे. पहिले वाक्य जसे लांबणीवर पडते, तसे ते जड होत जाते. इतरांची ओळख चालू असताना नावे लक्षात ठेवावीत आणि पुढे नावानेच हाक मारावी. ‘तुम्ही मघाशी पाण्याचे म्हणालात, ते मला पटते, त्यात एक भर घालतो’ अशा एका वाक्यात ऐकणेही दिसते आणि विचारही. दोघे हुज्जत घालत असतील तर उरलेला वेळ सांगून दोन्ही म्हणणी थोडक्यात मांडावीत. कोणी फारच दाबून बोलत असेल तर त्याला तोडण्याऐवजी गप्प बसलेल्याला विचारावे, ‘तुम्हाला काय वाटते?’ शिकवल्यासारखे मात्र बोलू नये, ते लगेच खटकते.

स्वतःची ओळख अर्ध्या मिनिटात बसेल एवढी, घरी मोठ्याने म्हणून पाहिलेली असावी. चिडलेल्या माणसाला समजावले, कोणाबरोबर मिळून काम तडीस नेले, कामात चूक होऊन ती सुधारली, असे दोन-तीन खरे प्रसंग हाताशी ठेवावेत. ते दुकानातलेच हवेत असे नाही, शाळेतले, घरातले, मंडळातलेही चालतात. आदल्या दिवशी त्या शाखेत एक फेरी मारावी. कुठली रांग तुंबते, मांडण्या कधी भरल्या जातात, कर्मचारी ग्राहकाला वस्तू दाखवताना काय करतात, एवढे पाहिले तरी ‘इथे काम का करायचे आहे?’ या प्रश्नाला घोकलेले उत्तर द्यावे लागत नाही. आणि शेवटी व्यवस्थापक ‘काही विचारायचे आहे का?’ म्हणतील, तेव्हा पाळ्या कशा ठरतात आणि पहिल्या आठवड्यात काम कोण शिकवते, हे दोन प्रश्न जरूर विचारावेत.