न्यूयॉर्कची फुकट कॉलेजं: सगळ्यांना दार उघडलं आणि सहाच वर्षांत फी आली

न्यूयॉर्कमधलं शिक्षण म्हटलं की आपल्याकडे आधी कोलंबिया आठवतं, बाबासाहेबांमुळे ते साहजिकच आहे, आणि मग एनवाययू. पण त्या शहरातल्या टॅक्सी चालवणाऱ्या, शिवणकामाच्या कारखान्यात राबणाऱ्या लोकांची मुलं पिढ्यान् पिढ्या शिकली ती सिटी कॉलेज, हंटर, ब्रुकलिन, क्वीन्स या शहराने चालवलेल्या कॉलेजांत. १९६१ ला ही सगळी एका छत्राखाली आली, तीच सिटी युनिव्हर्सिटी ऑफ न्यूयॉर्क, थोडक्यात क्यूनी. सध्या फी माफीवरून तिच्याबद्दल जे बोललं जातं त्यात एक गोष्ट सारखी उलटी सांगितली जाते, की सगळ्यांना प्रवेश दिला म्हणून फुकट शिक्षण बुडालं, म्हणून थोडी पार्श्वभूमी.

सुरुवात १८४७ ची. शहरातल्या लोकांनी मतदान करून ठरवलं की आपल्या पैशाने फुकट कॉलेज चालवायचं, तेच पुढचं सिटी कॉलेज. फक्त मुलांसाठी होतं ते. मुलींसाठीचं, म्हणजे पुढचं हंटर, १८७० ला आलं. नंतर पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांची मुलं सिटी कॉलेजमध्ये भरली, कारण १९२० च्या दशकात मोठी खाजगी विद्यापीठं ज्यू मुलांना मोजून मापून घ्यायला लागली होती. यातून पुढे नोबेल मिळवणारेही निघाले. हा काळ सगळ्यांना पाठ आहे, त्याच्यात जास्त जात नाही.

मुद्दा असा की ते फुकट होतं, पण सगळ्यांना नव्हतं. १९६० च्या दशकात प्रवेशाचा कटऑफ हायस्कूलच्या ८५ टक्क्यांच्या आसपास जाऊन पोचला होता. सिटी कॉलेज उभं आहे हार्लेममध्ये, चहूबाजूंनी काळ्या आणि पोर्टो रिकन लोकांची वस्ती, आणि आत वर्गात बहुतेक सगळी गोरी मुलं. म्हणजे या वस्त्यांतले लोकही टॅक्स भरून कॉलेज चालवत होते आणि त्यांची मुलं गेटबाहेर. १९६६ पासून अशा मुलांसाठी एक वेगळा प्रोग्रॅम सुरू झाला होता खरा (तिथे शिकवणाऱ्यांत पुढे फार मोठं नाव झालेल्या कवयित्रीही होत्या) पण तो छोटा होता.

एप्रिल १९६९ मध्ये काळ्या आणि पोर्टो रिकन विद्यार्थ्यांनी सिटी कॉलेजच्या दक्षिण कॅम्पसची गेटं बंद करून ताबा घेतला, जवळपास दोन आठवडे. पाच मागण्या होत्या, त्यातली कळीची ही की शहराच्या हायस्कूलांत काळ्या आणि पोर्टो रिकन मुलांचं जसं प्रमाण आहे तसंच नवीन येणाऱ्या बॅचमध्ये दिसलं पाहिजे. महापौरपदाची निवडणूक तोंडावर होती, एक उमेदवार तर कोर्टात जाऊन कॉलेज उघडायची ऑर्डर घेऊन आला, मारामाऱ्या झाल्या, आग लागली, पोलीस आत आले, कॉलेजच्या प्रमुखांनी राजीनामा दिला. आणि मग जुलैमध्ये या कॉलेजांचा कारभार बघणाऱ्या बोर्डाने जे ठरवलं ते विद्यार्थ्यांनी मागितलं होतं त्याच्यापेक्षा वेगळंच होतं, हेच लोक विसरतात. वंशाप्रमाणे जागा ठेवायच्या नाहीत, त्याऐवजी शहरातल्या हायस्कूलमधून पास झालेल्या प्रत्येकाला क्यूनीत कुठेतरी जागा द्यायची, यालाच ओपन अ‍ॅडमिशन म्हणतात. ८० टक्के असतील किंवा आपल्या शाळेत वरच्या अर्ध्यात असाल तर चार वर्षांचं कॉलेज, बाकीच्यांना दोन वर्षांचं कम्युनिटी कॉलेज. हे आधी १९७५ ला करायचं ठरलेलं होतं ते ओढून १९७० वर आणलं.

एका वर्षात पहिल्या वर्षाची बॅच साधारण २० हजारांवरून ३५ हजारांवर गेली. जागा भाड्याने घेतल्या, लिहिणं-वाचणं-गणित पक्कं करून घ्यायचे रिमीडियल वर्ग रातोरात उभे करावे लागले. आणि आकड्यात बघितलं तर याचा फायदा घेणाऱ्यांत गोरी मुलंच जास्त होती, इटालियन आणि आयरिश कामगार घरांतली, ज्यांच्या घरात आधी कोणी कॉलेज बघितलं नव्हतं. तरी 'काळ्यांसाठी दर्जा पाडला' हेच वाक्य तेव्हा चिकटलं ते आजतागायत निघालेलं नाही, याचा मला खरंच राग येतो.

आता ती उलटी सांगितली जाणारी गोष्ट. 'सगळ्यांना घेतलं म्हणून पैसे संपले आणि फुकट शिक्षण बुडालं' असं सर्रास सांगतात. खर्च वाढला हे खरं आहे, पण १९७५ ला अख्खं शहरच दिवाळखोरीच्या कडेला आलं होतं, वर्षानुवर्षं कर्जावर कर्ज काढून, त्यात विद्यापीठाचा वाटा छोटा. तरी राष्ट्राध्यक्षांनी शहराला मदत नाकारताना भाषणात जी उधळपट्टीची उदाहरणं दिली त्यात हे फुकट विद्यापीठ होतं. राज्याच्या दुसऱ्या विद्यापीठात १९६३ पासून फी होतीच, त्यामुळे 'यांनाच का सूट' हा दबाव जुना होता. जून १९७६ मध्ये पगाराला पैसे नाहीत म्हणून क्यूनी दोन आठवडे चक्क बंद राहिली, आणि त्याच वर्षी १२९ वर्षांत पहिल्यांदा ट्यूशन फी लागली. मंदीतही, १९३० च्या दशकातल्या महामंदीतसुद्धा, जी फी लागली नव्हती ती दार सगळ्यांना उघडल्यावर सहा वर्षांत लागली. गरीब फुल-टाइम मुलांची फी राज्याच्या मदतीतून भरली जायची हे बरोबर, पण नोकरी करून शिकणाऱ्यांना ती मिळत नव्हती. पुढच्या काही वर्षांत विद्यार्थी हजारोंनी कमी झाले. क्यूनीच्याच मेडगर एव्हर्स कॉलेजची चार वर्षांच्या कॉलेजवरून कम्युनिटी कॉलेजवर घसरण झाली, ती १९९४ ला भरून निघाली. इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन भाषांत शिकवणारं होस्टोस कॉलेज तर बंदच होणार होतं, विद्यार्थ्यांनी आणि वस्तीने इमारत ताब्यात घेऊन वाचवलं.

१९९० च्या दशकाच्या शेवटी तेव्हाच्या महापौरांच्या रेट्याने रिमीडियल वर्ग चार वर्षांच्या कॉलेजांतून काढून टाकले, म्हणजे त्या कॉलेजांपुरता १९७० च्या धोरणाचा उरलेला भागही संपला. यानंतर काही वर्षांनी जुन्या ओपन अ‍ॅडमिशनवाल्या बायकांचा तीस वर्षांनी घेतलेला मागोवा बाहेर आला, त्यात सत्तर टक्क्यांहून जास्त जणींनी कधी ना कधी डिग्री पूर्ण केलेली निघाली. चार वर्षांत किती पास झाले एवढंच मोजणाऱ्यांना हे दिसणारच नव्हतं.

२००७ पासून क्यूनीच्या कम्युनिटी कॉलेजांत एक प्रोग्रॅम आहे, त्यात फीचा उरलेला भाग, मेट्रोचा पास, पुस्तकांचा खर्च आणि सारखा मागे लागणारा सल्लागार असं सगळं मिळतं, आणि चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड करून केलेल्या अभ्यासात तीन वर्षांत डिग्री घेणारे प्रोग्रॅमबाहेर २२ टक्के तर प्रोग्रॅममध्ये ४० टक्के निघाले. २०१७ ला राज्याने ठराविक उत्पन्नाखालच्या घरांसाठी फी माफीची स्कॉलरशिप आणली, तिचा गाजावाजा 'फुकट कॉलेज परत आलं' असा झाला. पण तिच्यात वर्षाला ३० क्रेडिट, म्हणजे साधारण दहा विषय, पूर्ण करायची अट आहे आणि जितकी वर्षं पैसे घेतले तितकी वर्षं राज्यातच राहायचं बंधन आहे, नाहीतर ते कर्ज होतं. त्यामुळे दिवसा कामाला जाऊन संध्याकाळी दोन-दोन विषय घेणारे, ज्यांची क्यूनीत कमी नाही, ते त्यात बसतच नाहीत.